‘चूक झाली,’ असं मी म्हणाले

मी सीए नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पूनम सागर वसाहतीतले निम्मे लोक मला सीएच समजतात आणि तीस वर्षांत तो गैरसमज दूर करायची मी फारशी धडपड केलेली नाही. मी बी.कॉम. झालेली, लोकांच्या वह्या लिहिणारी बाई. सीए वर्षातून एकदा येतो, चहा पितो, सही करतो. त्याला सही करावीशी वाटेल अशा वह्या वर्षभर कोणाला तरी ठेवाव्या लागतात, ते कोणीतरी म्हणजे मी. परळ सोडून मीरा रोडला राहायला आलो तेव्हा मुलगी लहान होती, रोज मुंबईला नोकरीला जाणं जमेना, म्हणून हॉलमध्येच टेबल टाकलं. हाउसिंग सोसायट्या, किराणावाले, एक क्लासवाले सर, दोन दवाखाने, असं करत गाडं चाललं.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलंय. गमती आहेत की. आमच्या शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी शहाकाका घ्या. मी त्यांचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर आणला, तर काका छापलेले कागद घरी नेऊन पुन्हा स्वतःच्या हाताने लाल वहीत उतरवून काढायचे. का, तर म्हणे, ‘बेन, लाइट चली गई तो आंकडा किधर जाएगा?’ सहा वर्षं मी त्यांना समजावलं. शेवटी मीच त्यांना दर दिवाळीला लाल वही भेट द्यायला लागले. एक हार्डवेअरवाला होता, त्याला दोन वह्या हव्या होत्या, एक दाखवायची आणि एक खरी. त्याच्या दुकानातून मी चहा अर्धा टाकून उठले. मी तापट आहे. आमचे हे म्हणायचे, तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा टॅक्सची नोटीस परवडली. पण खोटा आकडा मी कधी लिहिला नाही, आणि हे सांगताना अजूनही माझी मान जरा ताठ होते.

ती ताठ मान घेऊनच मी टाळाटाळ करतेय, हे मला कळतंय. लिहायला बसलं की आठवतं ते पालीचं प्रकरण, आणि ते आठवलं की कानशिलं तापतात. तेव्हा तेच सांगते.

भाईंदरजवळच्या, समुद्रकाठच्या पालीला मच्छी विकणाऱ्या बायकांची एक छोटी बचतसंस्था आहे. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, टोपल्या रिकाम्या, घरात आवक शून्य. म्हणून या बायका वर्षभर, विक्री झाली की त्यातले पन्नास-शंभर, जमेल तसे संस्थेत टाकतात आणि बंदी लागायच्या आठवड्यात ते सगळे काढून घेतात. त्यातून तांदूळ, तेल, मुलांच्या फिया, घरावर टाकायची ताडपत्री. बायका त्याला ‘पावसाळी’ म्हणतात. आमची पावसाळी किती झाली, असं विचारतात.

संस्थेच्या अध्यक्षा फिलूमावशी. पासष्टीच्या, आवाज असा की चौकापर्यंत ऐकू जावा. आणि वह्या लिहायची लुसी. बारावी झालेली, चाळिशीची, नवरा होडीवर, दोन मुलं. तिची कीर्द, म्हणजे रोजची आवक-जावक लिहायची वही, मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पानामागून पान उलटत राहिले होते. खाडाखोड नाही, आकड्याखाली आकडा, आणि प्रत्येक बाईच्या पासबुकात त्याच दिवशी नोंद. मी फार कमी लोकांच्या वह्यांचं कौतुक केलंय. तिच्या वहीचं केलं होतं.

एका कंपनीने जुने कॉम्प्युटर वाटले, त्यातला एक या बायकांना मिळाला. त्यावर कोणीतरी चोरीची सिस्टीम टाकून दिली होती, त्यात व्हायरस शिरला आणि दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या. लुसीची वही होती म्हणून निभावलं. फिलूमावशींनी मला बोलावलं. विकतची सिस्टीम आणि विकतचा हिशेबाचा प्रोग्रॅम यांचा मिळून आकडा मी सांगितला, तशी मावशी म्हणाल्या, एवढ्यात अर्धं जाळं येतं. मग मी त्यांना लिनक्सबद्दल सांगितलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कॉम्प्युटर चालवणारी एक मूळ यंत्रणा असते, तिच्यावर बाकीचे प्रोग्रॅम चालतात. आपण घरोघरी वापरतो ती विकतची. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, फुकट, आणि तिची आतली रचना कोणालाही बघता येते, बदलता येते. जुन्या मशीनवरही ती बरी पळते. पंचावन्नाव्या वर्षी मी ती स्वतःची स्वतः शिकले होते, आणि ते आल्यागेल्याला सांगायची एकही संधी मी सोडत नसे. अडचण एवढीच की आपल्याकडचे नेहमीचे हिशेबाचे प्रोग्रॅम तिच्यावर नीट चालत नाहीत. तिच्यासाठी वेगळे शोधावे लागतात.

मी महिनाभर तीन प्रोग्रॅम चालवून पाहिले. असं काही निवडताना काय बघायचं, हे मी लोकांना पाठ केल्यासारखं सांगत असे. त्यातून मराठी नीट छापलं जातं का? उद्या हा प्रोग्रॅम बंद पडला तर आपले आकडे बाहेर काढून दुसरीकडे नेता येतात का? अडलं तर विचारायला कोणी आहे का? आणि रोज त्याच्यासमोर जे माणूस बसणार आहे, त्याला तो झेपतो का?

पहिला प्रोग्रॅम अगदी साधा होता. पैसे आले, पैसे गेले, कोणाचे, बस. लुसी त्याच्यासमोर बसली आणि मला एक शब्द न विचारता दहा नोंदी टाकून मोकळी झाली. दुसऱ्यात मराठी छापलं की नुसते चौकोन यायचे, तो तिथेच बाद झाला. तिसरा मोठा होता, पुऱ्या द्विनोंदी पद्धतीचा, अहवाल काढावे तेवढे थोडे. आणि त्यात एक सोय होती, की पडद्यावरचे सगळे शब्द आपल्या भाषेत आपणच भरायचे. मी त्याच्या प्रेमातच पडले.

लुसी म्हणाली, ‘मॅडम, यो पयला बरा हाय. मना समजतो.’

मी म्हटलं, तो किराणा दुकानासाठी ठीक आहे, तुमची नोंदलेली संस्था आहे, उद्या मोठी होईल. खरं कारण वेगळं होतं. आले-गेले लिहिणारा प्रोग्रॅम मी निवडला असं संस्थेचे हिशेब तपासणाऱ्या ऑडिटरला कळलं असतं तर तो हसला असता, असं मला वाटत होतं. सीए नसलेल्या बाईला अशा गोष्टी फार लागतात. तर मी तिसरा निवडला, आणि आठ दिवस बसून त्याचं मराठी केलं. कॉलेजातलं जुनं पुस्तक काढलं, त्यात डेबिटला ‘नावे’ आणि क्रेडिटला ‘जमा’. शुद्ध, प्रमाण शब्द. पडद्यावर दोन रकाने दिसायला लागले, नावे आणि जमा, तेव्हा मी त्याचा फोटो काढून ओळखीच्या चार अकाउंटंटना पाठवला.

आता जरा लक्ष द्या, कारण सगळी माती इथेच झाली. द्विनोंदीत प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहितात. समजा सबीनाने संस्थेत पाचशे रुपये ठेवले. पुस्तकी भाषेत रोख रकमेचं खातं ‘नावे’ आणि सबीनाचं खातं ‘जमा’. हिशेबात ज्याच्या खात्याला ‘नावे’ लिहिलं, त्याच्याकडून येणं आहे. पण घरात, बाजारात, बँकेच्या रांगेत आपण काय बोलतो? ‘पोरीच्या नावे पाच हजार टाकले.’ म्हणजे ते पोरीचे झाले. आणि पैसे पेटीत ‘जमा’ होतात. जुन्या कीर्दीतसुद्धा आलेली रोख जमेच्याच बाजूला लिहितात. म्हणजे बोलण्यातलं आणि पुस्तकातलं बरोबर उलटं. ज्याला कोणी हे समजावलेलं नाही, तो उलटंच लिहिणार.

लुसीला समजावायला मी एक दुपार दिली होती. त्यातला अर्धा वेळ माझ्या फोनवर गेला, मार्चअखेर होती. फोन कानाला असतानाच तिने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, ‘मॅडम, सबीनाचे पैसे सबीनाच्या नावे टाकायचे ना?’

मी मान हलवली. वर म्हणालेही, ‘हो, हो, तिच्या नावे टाक.’

हे मी स्वतःच्या तोंडाने बोललेय. हिशेबाची भाषा शिकवायला गेले होते आणि उत्तर दिलं ते चारचौघांच्या मराठीत. तिने तसंच केलं. वर्षभर, रोज, न चुकता, जिचे पैसे तिच्या नावे आणि रोख जमा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळत होती, त्यामुळे प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. बेरीज जुळली की तो समाधानी असतो.

लुसी मात्र समाधानी नव्हती. डिसेंबरात तिचा फोन आला, की मॅडम, रोख वजा दाखवतोय, पेटीत नि बँकेत तर पैसे हायेत. आता वजा रोख म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही कळावं. खिशात उणे शंभर रुपये कसे असतील? पण मला घाई होती आणि मला सगळं माहीत होतं. अशा प्रोग्रॅमांत काही खाती वजा चिन्हाने दिसतात, ते खरं आहे. हेही त्यातलंच असेल, असं मी धरून चालले. तिला म्हटलं, ‘चिन्हाकडे बघू नकोस ग, वर्षअखेरीला मी येऊन बघते.’ आणि वर्षअखेरीला गेले नाही. डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, हे एक कारण आहे. फोन करता आला असता.

बंदी लागायच्या आठवड्यात लुसीने यादी छापली आणि संस्थेच्या खोलीबाहेर सगळ्यांना वाचून दाखवली. सबीना, नावे, सहा हजार दोनशे. मोनिका, नावे, चार हजार. बायका खूश. ज्या त्या बाईच्या नावे तिचे पैसे, ऐकायला किती बरोबर. दुसऱ्या दिवशी तोच कागद ऑडिटरच्या हातात गेला. तरुण माणूस, कामाला चोख. त्याने यादी पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, आणि सांगितलं, की या सगळ्या बायका संस्थेचं देणं लागतात असं इथे दिसतंय, रोख उणे आहे, हे काय चाललंय? जुळेपर्यंत एक रुपया वाटायचा नाही.

साठ बायकांची पावसाळी अडकली, आणि तीही नेमकी दाणापाणी भरायच्या वेळेला. वह्या कोण लिहितं, लुसी. दोन महिन्यांपूर्वी तिने सेकंडहँड स्कूटी घेतली होती. ती कोणाच्या पैशाने आली, हे पालीच्या गल्ल्यांमधून संध्याकाळपर्यंत विचारून झालं होतं. कोणीतरी तिच्या मुलालाही विचारलं.

फिलूमावशींचा फोन आल्यावर मी रिक्षाने धावत गेले. लुसी कॉम्प्युटरसमोर बसली होती, डोळे सुजलेले. मी पहिली नोंद उघडली, दुसरी उघडली, दोन्ही उलट्या लिहिलेल्या. दहा मिनिटं पण लागली नाहीत. तिचा प्रश्न आणि माझं ‘हो, हो’ मला जसंच्या तसं ऐकू आलं. मी लुसीकडे पाहिलं नाही. ‘बघते, दोन दिवस लागतील,’ एवढंच म्हणाले.

दोन दिवस मी एकेक नोंद पासबुकांशी लावून उलटवली. पासबुकं लुसीने हाताने लिहायची चालूच ठेवली होती, मी ‘दोन-दोन कामं कशाला’ म्हणून हसले होते तरी. त्या पासबुकांनी सगळं वाचवलं. रुपया न रुपया जुळला. तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत सभा भरली. बायका दाटीवाटीने बसलेल्या, काही दारात उभ्या, ऑडिटर खुर्चीवर, लुसी भिंतीला टेकून. फिलूमावशी म्हणाल्या, ‘बाय, काय ते तूच सांग.’

मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘एंट्री करताना चूक झाली होती. ती आता दुरुस्त केलीय. पैसे पूर्ण आहेत, एक रुपयासुद्धा कमी नाही.’

यातलं एक अक्षर खोटं नाही. पण आपल्या भाषेत ही फार मोठी सोय आहे, की चूक ‘होते’. कप ‘फुटतो’, दूध ‘उतू जातं’, आणि चूक होते, तिथे करणारं माणूस लागत नाही. ते वाक्य मी रिक्षात बसून जुळवलं होतं, शब्द निवडून. एंट्री कोण करतं, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

मागून एका बाईने विचारलं, चूक कोणाची?

मी हातातले कागद टेबलावर आपटून सारखे केले. ते आधीच सारखे होते. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हणायची पद्धत आहे, पण तसं काही नव्हतं. मला बोलता येत होतं. ऑडिटर माझ्याकडे बघत होता, त्याच्या ओळखीने मला तीन कामं मिळाली होती, आणि ही बाई चुकत नाही एवढंच माझं भांडवल होतं. मी हिशेब केला आणि गप्प बसले.

लुसी भिंतीपासून पुढे आली. ‘माजी चूक,’ ती म्हणाली. ‘मॅडमनी बरोबर शिकवलेलं. मीच उलटं लिवलं.’

दुपारी पैसे वाटले गेले. बायकांनी माझा हात हातात घेतला, फिलूमावशींनी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पिशवी दिली, किलोभर तरी असतील. मी घेतली. घरी येऊन मी संस्थेला बिल पाठवलं, आणि त्यात दुरुस्तीच्या दोन दिवसांचे वेगळे पैसे लावले. ते त्यांनी आठवड्यात चुकते केले. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

लुसीला कोणी काढलं नाही. तिच्या ‘मदतीला’ भाईंदरची एक बी.कॉम. मुलगी ठेवली, मग पेटीची चावी त्या मुलीकडे गेली, मग लुसी यायची थांबली. हे मला फोनवरून कळत होतं आणि मी ‘अरेरे’ म्हणत होते. पुढच्याच वर्षी मी त्या मुलीच्या सोयीसाठी पहिला, आले-गेलेवाला प्रोग्रॅम बसवून दिला. एका सकाळीत काम झालं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मी काम बंद केलंय. या वर्षी बंदी उठल्यावर मी एक दिवस बस पकडून पालीला गेले. लुसी घराबाहेर आडवे बांबू बांधून केलेल्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. मला बघून तिने हात पुसले, स्टूल दिलं, पाणी दिलं. मुलगा आता बोटीवर जातो म्हणाली. ती स्वतः भाईंदरच्या बाजारात बसते, सुकी मच्छी विकते. मी किती वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी एका दमात सांगून टाकलं, की लुसी, ती चूक तुझी नव्हती, तू विचारलं होतंस आणि मीच हो म्हटलं होतं, मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी बोलले नाही.

ती बोंबील लावतच होती. म्हणाली, ‘मना पण तवाच कललं होतं. तुमी कम्प्युटर बघून गप झाल्या ना, तवाच.’

‘मग तू का म्हणालीस, माझी चूक म्हणून?’

‘बायका पैशासाठी बसल्या होत्या, मॅडम. कोण बोलल्याशिवाय तो साहेब सही न्हाय करणार होता.’ मग पुढचा बोंबील लावत म्हणाली, ‘तुमी बोलाल असं वाटलं. मी वाट बघितली. तुमी कागद सारखे करीत होत्या तवर मी वाट बघितली.’

मला रडू आलं. माझं रडणं बघायला तिला वेळ नव्हता आणि तिने तसं दाखवलंही. रिकामं टोपलं उचलून ती म्हणाली, ‘मना कशाला सांगता? मना तर माहीतच हाय. त्यांना सांगा.’

संस्थेची खोली तिथून दोन गल्ल्या पलीकडे. मी चालत गेले, ठरवून गेले. काउंटरला पाच-सहा बायका होत्या, फिलूमावशी खुर्चीत. मला बघताच त्या उठल्या आणि नव्या बायकांना मोठ्या आवाजात सांगायला लागल्या, की ही ती बाय, हिने तेव्हा आपली पावसाळी वाचवली, न्हायतर लुसीने सगळ्यांना बुडवलं असतं. बायकांनी मला बसायला जागा करून दिली. चहा आला. मी तो संपूर्ण प्यायले, सगळ्यांची चौकशी केली आणि बस पकडून घरी आले.

म्हणून हे इथे लिहिलंय. त्या बायकांची नावं बदलली आहेत, संपादकांनी सांगितलं म्हणून. खाली माझं नाव मात्र खरं छापायला सांगितलंय. अंक आला की एक प्रत घेऊन मी पालीला जाणार आहे. पोस्टाने पाठवली असती, पण फिलूमावशींना सही तेवढी करता येते, वाचता येत नाही. वाचून मलाच दाखवावं लागेल.